सरांची हजेरी

मुलीला सोडायला म्हणून मी त्या मैदानावर जायला लागले. ती अकरावीत होती आणि मैत्रिणीने तिला या मंडळाचं वेड लावलं होतं. मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर जमणारी पंचवीस-तीस माणसं. सतराव्या शतकातली मराठी छावणी होती तशी उभी करायची, तसे कपडे शिवायचे, तसं चुलीवर रांधायचं आणि वर्षातून एकदा लोकांसमोर एक चकमक खेळून दाखवायची, हा त्यांचा छंद. पगार नाही, मानधन नाही. ज्याला जे येतं ते त्याने करायचं.

मी पायरीवर बसून पेपर वाचायची. दोन-तीन रविवार गेल्यावर मंडळाचे सर माझ्यापाशी आले, हातात एक जाडजूड वही ठेवली आणि म्हणाले, "नुसत्या बसता त्यापेक्षा हजेरी घ्या." मी विमा कंपनीत काम करते, नोंदींची मला सवय आहे. मी हजेरी घ्यायला लागले. मुलगी पुढे शिकायला पुण्याला गेली, तिथे तिला दुसरे छंद लागले. मी मात्र बडोद्यात राहिले आणि रविवारी सकाळी मैदानावर जात राहिले. वहीची जागा पुढे मोबाइलवरच्या तक्त्याने घेतली, एवढाच फरक.

हे सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात गेली. पण लाठी, ढाल-तलवार आणि पट्टा त्यांना येत होता, तो ते शिकवायचे, म्हणून सर. कोणी वस्ताद म्हटलं तर त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. सत्तरी ओलांडली होती, अंगाने शिडशिडीत, आवाज खालचा. मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं आणि चकमकीत सगळ्यात पुढे दर वर्षी तेच असायचे, हातात पट्टा घेऊन. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिला जोडलेलं लांब लवचीक पातं. आमची पाती बोथट असतात, तरी फिरवणाऱ्याच्या जवळ उभं राहायला छाती लागते.

हजेरी घेणं ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की हजर कशाला म्हणायचं यावरच माणसं रुसतात. एक गृहस्थ नाश्त्याच्या वेळेला उगवायचे आणि पूर्ण सराव मागायचे. तंबू ठोकणारे म्हणायचे, आम्ही घाम गाळतो आणि मोजता फक्त तलवारवाल्यांना. मग मी वेगवेगळे खाने केले: सराव, तंबू, शिवण, रांधणं. शत्रूच्या बाजूने कोण लढलं याचाही एक खाना केला, कारण तिकडे जायला कोणी तयार नसे आणि दर वर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. लागोपाठ दोनदा कोणावर ती पाळी येऊ नये म्हणून मागची नोंद बघावी लागे. गुजराती सभासद आपली नावं गुजरातीत लिहून पाठवायचे, मी ती देवनागरीत उतरवायची. बरेच जण मला बेन म्हणायचे, उरलेले ताई.

या नोंदींना खरं वजन होतं ते एका नियमामुळे. मी यायच्या आधी एका चकमकीत एकाची भुवई फुटली होती. मारणारा महिनाभर सरावाला आलाच नव्हता, थेट कार्यक्रमालाच उगवला होता. तेव्हा सरांनी नियम केला: दसऱ्यापासून कार्यक्रमापर्यंत ज्याचे निदान आठ सराव झाले नाहीत त्याने चकमकीत उतरायचं नाही. हात सवयीचा नसेल तर समोरच्याचा डोळा जाईल, असं ते म्हणायचे. दसऱ्यानंतरचा एक रविवार झाला की दिवाळी संपेपर्यंत आमच्याकडे सराव नसतो, सगळे घरच्या कामांत. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आसपासही कोणी गच्चीवरून खाली उतरत नाही. त्यामुळे आठ जमवायला धावपळ करावी लागते.

एका वर्षी या नियमापायी मी एका मुलीला अडवलं होतं. वाघोडियाच्या एका कारखान्यात ती पाळ्यांमध्ये काम करते, वय पंचविशीचं, पट्टा सुंदर फिरवते. पाळ्या बदलत राहिल्या आणि तिचे आठ भरले नाहीत. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि कार्यक्रमाच्या दिवशी छावणीत भाकऱ्या थापल्या. मला फार वाईट वाटलं, पण चुकीचं केलं असं नाही वाटलं.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. मूलबाळ नव्हतं. दिवसा एक बाई यायची, पण काकूंना तिच्या हातचं जेवण घशाखाली उतरेना आणि सरांनाही घर सोडवेना. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते आले होते तेवढेच. मग आलेच नाहीत. फोन केला की म्हणायचे, चाललंय, येतो.

आमचा कप्तान पादरा गावचा, बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याचं मराठी मंडळात येऊनच तयार झालंय. त्या वर्षी कार्यक्रम त्याच्या गावाजवळच ठरला होता आणि त्याने मोठं पोस्टर छापून घेतलं. पोस्टरवर मधोमध सर, पट्टा उगारलेले. उत्तरायण झाल्यावर मी चकमकीची यादी काढायला बसले. सरांच्या नावापुढे एकच खूण होती.

मी कप्तानाला फोन केला. तो हसला. "बेन, सरांची हजेरी थोडी गणायची असते?" म्हणाला. सरांनी काय आता पवित्रे शिकायचे, आठ लिहून टाका, असंही म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. मी विचार करते म्हटलं. त्याच आठवड्यात वाघोडियाची ती मुलगी मैदानावर माझ्याकडे आली. तिने त्या वर्षी पाळ्या बदलून घेतल्या होत्या आणि तिचे आठ केव्हाच भरले होते. आपली नोंद बघून झाल्यावर तिने सहज विचारलं, "सरांचे झाले का हो यंदा?" तिला टोमणा मारायचा नव्हता. सर येणार की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. पण मला त्यांच्या नावापुढे आठ लिहिणं जमेना.

कोणी तरी सरांना सांगायला हवं होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचा ब्लॉक, पुढच्या खोलीत काकूंचा पलंग. सर त्यांना चमच्याने मऊ खिचडी भरवत होते. मला बघून काकूंनी डाव्या हाताने खुर्ची दाखवली, "बेस, बेटा," म्हणाल्या.

काकूंचं माहेर बडोद्याजवळच्या सावली गावातलं. घरात मराठी, बाहेर सगळं गुजराती, असं त्यांचं बालपण. पुढे त्या दवाखान्यात नर्स झाल्या आणि जन्मभर फर्डं मराठी बोलल्या. पण झटका आल्यापासून तोंडातून आधी गुजरातीच यायचं. सर मराठीत विचारायचे, त्या गुजरातीत उत्तर द्यायच्या, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

चहा झाला. मंडळाचं काय चाललंय ते मी सांगत होते, मुद्द्यावर काही येत नव्हते. शेवटी सरांनीच विचारलं.

"माझे किती झाले?"

"एक."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. काकूंचं तोंड रुमालाने पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वीस वर्षं या पोरांना हात धरून शिकवलं. ते कुठल्या खान्यात लिहिलंय तुम्ही?"

"त्याला माझ्याकडे खाना नाही, सर."

"मग करा."

"करते. पण चकमकीच्या यादीत तो धरता येणार नाही."

सरांना रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते ओरडले नाहीत. उठले, वाटी आत नेऊन ठेवली, नळ बराच वेळ वाहत राहिला. मला वाटलं, निघावं. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "शुं थयुं?" काय झालं?

सर दारात येऊन उभे राहिले. "मला चकमकीत घेत नाहीत," ते काकूंना म्हणाले. "हजेरी कमी पडली."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण खांदे हलत होते. दिवाळीपासून त्या हसल्या नव्हत्या, असं सरांनी मला पुढे सांगितलं. हसू ओसरल्यावर काकू म्हणाल्या, "जाओ ने." जा ना.

"तुला एकटीला टाकून?"

काकूंनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "आ बेसशे," म्हणाल्या. ही बसेल.

मला कोणी विचारलं नव्हतं, पण नाही म्हणायचं सुचलं नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत आमचा सराव रोज संध्याकाळीही असतो, तेव्हा सात भरणं शक्य होतं. रविवारी सर आलेच नाहीत. सोमवारी मी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे गेले तर ते सदरा-पायजम्यात, पायांत बूट घालून तयार बसले होते. माझ्याशी बोलले नाहीत. काकूंच्या गोळ्या कुठे आहेत ते दाखवलं आणि निघून गेले.

मैदानावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. हजेरी मी त्या वाघोडियाच्या मुलीवर सोपवली होती, तिने रात्री फोनवर सांगितलं. कप्तानाने सरांना हाताला धरून पुढे आणलं, आज तुम्हीच घ्या सराव, म्हणाला. सर नको म्हणाले. खंड पडलेल्याने पवित्र्यापासून सुरुवात करायची असते, असं सांगून ते नव्या मुलांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. तिने नाव पुकारलं तेव्हा "हजर" म्हणाले. तिला हसावं की रडावं कळेना, असं ती म्हणाली.

कप्तान माझ्यावर नाराज होता. मंडळाच्या ग्रुपवर कोणी तरी लिहिलं की माणसापेक्षा कागद मोठा झालाय. एक जुने सभासद ग्रुप सोडूनच गेले. मी उत्तर दिलं नाही, पण त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. आपण एका थकलेल्या माणसाला उगाच पळवतोय का, हे डोक्यातून जाईना.

संध्याकाळी मात्र विचार करायला वेळच मिळायचा नाही. काकूंना उठवून खुर्चीत बसवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी चुकीचं करत होते. त्यांनी मला आधी काखेत हात कुठे घालायचा ते शिकवलं, मग माझे पाय किती फाकलेले हवेत ते. शब्द अडला की त्या डाव्या हाताने चापट मारायच्या. नर्सच्या नोकरीत त्यांनी अशा किती बायकांना घडवलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी जेवण भरवायला गेले तर तोंड फिरवायच्या. मग चमचा त्यांच्याच डाव्या हातात दिला. निम्मं गाऊनवर सांडायचं, पण खायच्या. तीन-चार दिवसांनी मी सरांना सांगितलं की काकू स्वतःच्या हाताने जेवतात. त्यांना ते खरं वाटेना. समोर बसून बघितलं तेव्हा पटलं. आपण इतके दिवस भरवत होतो ते तिच्यासाठी की आपल्यासाठी, असं काहीसं पुटपुटले. माझ्याशी ते तेव्हा पहिल्यांदा नीट बोलले.

त्यानंतर घरी परतले की ते थोडा वेळ बसायला लागले. बूट काढता काढता कोण कसं खेळलं ते सांगायचे, आणि काकू कधी नव्हे ते ऐकून घ्यायच्या. या काठ्यांच्या खेळाचा त्यांना सदैव कंटाळा होता. इतक्या वर्षांत एकही कार्यक्रम त्यांनी बघितला नव्हता. रविवारी ड्यूटी असायची, आणि नसली तरी टीव्हीवरची क्रिकेट मॅच त्यांना जास्त प्यारी.

सरांचे सात सराव झाले त्या दिवशी ते जरा लवकर घरी आले. मनगटावर लाल वळ होता. मी कशाने म्हणून विचारलं. ते म्हणाले, "डावीकडून येणारा वार उशिरा दिसतो. मोतीबिंदू काढला तरी दिसतो तो उशिराच." त्या संध्याकाळी त्यांना मारणारा पोरगा घाबरून रडकुंडीला आला होता. त्याचा हात बरोबर होता, चुकले ते स्वतः. आणि असं एकदा नाही, तीनदा झालं होतं.

मी म्हटलं, उद्या आठ पूर्ण होतील, मग यादीत तुमचं नाव येईल. ते म्हणाले, "नाव घाला. पण पडणाऱ्यांत घाला."

चकमकीत पहिल्या धडकेतच काही जणांनी पडायचं असतं. एक वार घ्यायचा, कोसळायचं आणि नगारा वाजेपर्यंत हलायचं नाही. हे काम नवख्यांना देतात. सरांना तिथे बघायची कोणाची तयारी नव्हती. मी तसं बोलून दाखवलं, पोस्टरची आठवण करून दिली, लोक तुम्हालाच बघायला येणार म्हटलं.

"तर बघतील," सर म्हणाले. "पडायला काही डोळे लागत नाहीत." मग म्हणाले, "आणि मला त्या वाघोडियाच्या पोरीने पाडायचं. तिचा हात नेमका आहे."

काकू हे सगळं ऐकत होत्या. मलाही यायचं आहे, असं त्यांनी हाताने सांगितलं. सर नको नको म्हणत राहिले. खड्डे, ऊन, गाडीतून उतरवणं. काकूंनी डोळे मिटून घेतले, म्हणजे विषय संपला. चाकांची खुर्ची त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनी एका दिवसात मिळवून दिली.

कार्यक्रम पादऱ्याच्या बाहेर एका मोकळ्या झालेल्या शेतात होता. फेब्रुवारीचं ऊन, पण वारा होता. पोस्टर फाट्यावरच लावलेलं, त्यामुळे गर्दी चांगली जमली. पुष्कळ जण छावणीत फिरून विचारत होते, ते पोस्टरवाले आजोबा कुठे आहेत? आजोबा तंबूमागे एका मुलाच्या अंगरख्याचे बंद बांधून देत होते.

काकूंची खुर्ची मी दोरीला लागून ठेवली होती. नगाऱ्यावर टिपरी पडली, दोन्ही बाजू धावत आल्या. त्या वर्षी सर आमच्या बाजूने होते आणि ती मुलगी चिठ्ठीने आधीच शत्रूकडे गेली होती. पहिल्याच धडकेत ती समोर आली, तिने पट्ट्याचा एक वार सरांच्या ढालीवर केला, दुसरा खांद्यावरून अलगद उतरवला. सर गर्रकन फिरले आणि कोसळले. ते दोरीजवळ, अगदी काकूंच्या खुर्चीसमोर पडले. तिथेच पडायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, हे मला आजही पक्कं वाटतं, जरी ते कबूल करत नाहीत.

लोकांच्या तोंडून एक हाय निघाली. पोस्टरवाला माणूस एवढ्यात पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पुढे चकमक रंगत गेली, कप्तानाने बाजू सावरली, धूळ उडाली. माझ्याशेजारी काकू मात्र चकमकीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्या जमिनीवर पडलेल्या माणसावर होती. सरांच्या पागोट्याचं एक टोक सुटून गालावर आलं होतं. छाती भराभर खालीवर होत होती. एका लहान मुलीने आईला विचारलं की हे खरंच मेले का, आणि आईने तिला गप्प केलं. बराच वेळ गेला. काकूंनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

"ऊठो हवे," त्या म्हणाल्या. उठा आता.

सरांनी डोळे उघडले नाहीत. ओठांतल्या ओठांत म्हणाले, "अजून नाही. नगारा वाजू दे."

काकूंनी माझा हात पकडला आणि नगारा वाजेपर्यंत सोडला नाही. तो वाजला तसे मेलेले सगळे उठून अंग झटकायला लागले. सरांना उठायला वेळ लागला, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. टाळ्या वाजत होत्या. कप्तान धावत आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला, मग काकूंच्या. जाता जाता माझ्याकडे बघून त्याने मान डोलावली. आमच्यात त्या विषयावर एवढंच झालं.

सर त्यानंतर चकमकीत उतरले नाहीत. जमेल त्या रविवारी येतात आणि नव्या मुलांकडून पवित्रे करून घेतात. त्यासाठी मी एक वेगळा खाना केला आहे. साठीच्या पुढच्या सभासदांना आठची अट नको, असं पुढच्या वर्षी बैठकीत निघालं होतं. सगळ्यात मोठ्याने विरोध सरांनीच केला आणि अट तशीच राहिली.

त्या संध्याकाळी दोघांना मीच गाडीतून घरी आणलं. काकू पुढे बसल्या होत्या. सर मागे, धुळीने माखलेल्या अंगरख्यातच, ढाल मांडीवर घेऊन. पादरा मागे पडेपर्यंत ते झोपलेही होते. बडोद्यात शिरलो तशी काकूंनी रस्त्याकडेच्या सेवउसळच्या गाडीकडे बोट केलं. सर जागे झाले आणि म्हणाले, तिखट चालणार नाही तुला, डॉक्टरांनी सांगितलंय. मी गाडी बाजूला घेतली. गाडीवाल्याने सरांच्या पागोट्याकडे बघत बघत तीन प्लेटा दिल्या, एक बिनतिखटाची. काकूंनी ती चाखली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मागे वळून सरांच्या प्लेटीत डाव्या हाताने पाव बुडवला.